सफारी की स्कॉर्पिओ-एन? गेट आठ फुटांचं, आई ७१ वर्षांची, दसरा नऊ दिवसांवर

झिंगाबाईकर (२३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज धागा काढतोय, कारण घरात मतदान २-२ झालंय आणि आईनं आपलं मत राखून ठेवलंय.

अकरा वर्षांची हॅचबॅक आहे, ती आता काढायची. मोठ्या गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के जात होते, कालपासून ४० झालेत. त्यामुळे जे दोन वर्षं नुसतं बोलणं होतं ते एकदम अंगावर आलं. ऑनरोड तीस लाखांच्या आत बसवायचंय. डिझेल, ऑटोमॅटिक. यादी गाळून गाळून दोनच नावं उरली: टाटा सफारी आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन.

माणसं: मी, बायको, मुलगा (१४), मुलगी (९), आई. दिवाळीला आणि लग्नसराईत पुण्याचा भाऊही असतो.

वापर: रोज झिंगाबाई टाकळी ते सदर, नागपुरातच. दर शनिवारी काटोलजवळ संत्र्याची बाग, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, परतताना चार-पाच कॅरेट डिक्कीत. बागेच्या शेवटच्या चारशे मीटरला पांदण आहे, काळ्या मातीची. वर्षातून दोनदा समृद्धीनं पुणे.

काल टेप घेऊन गेट मोजलं. आठ फूट, म्हणजे २४३८ मिमी. सफारीची रुंदी १९२२, स्कॉर्पिओ-एनची १९१७. लांबी ४६६८ आणि ४६६२. म्हणजे बाहेरून दोघी जुळ्या बहिणी, गेटला कोणीही चालते. फरक फक्त उंचीत दिसला, १७९५ आणि १८५७. मग आतून एवढ्या वेगळ्या कशा, हे जाणकारांनी सांगावं.

मी आणि मुलगा स्कॉर्पिओ, बायको आणि मुलगी सफारी.

---

तर्रीपोहे (२३ सप्टेंबर, १०:५२)

भाऊ, विचारून कायले राहिला? स्कॉर्पिओ घे न बाप्पा. काटोल रोडवर मागून स्कॉर्पिओ दिसली का लोकं आपोआप साइड देतेत. बाकी सगळं नंतर.

---

जुनी_सफारी_९८ (२३ सप्टेंबर, ११:१५)

आमच्याकडे १९९८ साली आलेली खरी सफारी होती. शिडीसारखी चेसी, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर), दार लावलं की शेजाऱ्याला कळायचं. २०२१ मध्ये त्याच नावानं जी आणली ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. नाव आजोबांचं, नातू मात्र फुलपात्रात चहा पिणारा. माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

---

तर्रीपोहे (२३ सप्टेंबर, ११:१९)

फुलपात्रात चहा पिणारा!! 😂 काका, झोपा आता.

---

डिझेलदादा (२४ सप्टेंबर, सकाळी ७:०५)

सकाळी गॅरेज उघडायच्या आधी लिहून टाकतो, नंतर वेळ मिळत नाही.

जुळ्या बहिणी आतून वेगळ्या का, ते बंडीवरून (बैलगाडीवरून) समजा. बंडीत खाली सांगाडा असतो आणि त्यावर साटा. साटा काढून दुसऱ्या सांगाड्यावर ठेवता येतो. स्कॉर्पिओ-एन तशी आहे. खाली पोलादी चेसी, तिच्यावर बॉडी बोल्टनं कसलेली. चेसीची जाडी कुठंतरी जाणार, ती तुमच्या पायाखाली जाते. म्हणून आतली जमीन उंच, पायरी उंच, ड्रायव्हरही उंच बसतो. खड्ड्याचा मार चेसी खाते, म्हणून गावाकडच्या लोकांचा हिच्यावर जीव.

सफारीला वेगळा सांगाडा नाही. पेटीच सांगाडा. तिचा पाया लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून घेतलाय, दोन लिटरचं इंजिन मुळात फियाटचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्युंदाईच्या घरचा. तीन देशांचं लग्न, पण संसार नीट चाललाय. जमीन खाली असल्यामुळे चढ-उतार सोपा, वळणावर अंग कमी टाकते.

ताकद: सफारी १७० पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, ३५० न्यूटन मीटर. स्कॉर्पिओ-एन २.२ डिझेल ऑटोमॅटिक १७५ आणि ४००. कागदावर पाचचा फरक, पण तो पन्नासचा टॉर्क भरल्या गाडीला घाटात कळतो. आणि स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर चालते, हवी तर फोर बाय फोर मिळते. सफारीला फोर बाय फोर नाहीच, कितीही पैसे टाका.

आता एक गोष्ट जी शोरूमवाला सांगणार नाही. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, काजळी धरून ठेवणारी जाळी. सायलेन्सर चांगला तापला की ती काजळी आपोआप जळते. रोज चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर ती तापतच नाही, जाळी भरत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं, गाडीचं नाव नको, धरमपेठ ते सीताबर्डी एवढाच तिचा प्रवास. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी म्हटलं, साहेब, रविवारी हिला रामटेकला दर्शनाला नेत जा. तेव्हापासून दिवा नाही, आणि साहेबांना पुण्यही.

तुमचं शनिवारचं काटोल आहे, म्हणून डिझेल बिनधास्त घ्या. ते बंद झालं असतं तर मी पेट्रोल स्कॉर्पिओ म्हटलं असतं. सफारीत सप्टेंबर २०२५ पर्यंत तरी पेट्रोल आलेलं नाही.

---

रामदासपेठची_सून (२४ सप्टेंबर, दुपारी १:३०)

झिंगाबाईकर दादा, टॉर्क राहू दे बाजूला. आई कुठं बसणार ते सांगा. आणि सहा सीटर की सात?

विचारते अशासाठी की आमच्याकडे सासूबाई मधल्या रांगेत डावीकडे बसायच्या आणि पोरं मागे. मधली सीट अखंड. पोरांना लघवीला उतरायचं म्हणजे आधी सासूबाईंनी उतरायचं, मग सीट पालथी घालायची, मग दोन वानरं बाहेर. नागपूर ते शिर्डी त्या पाच वेळा उतरल्या-चढल्या. शिर्डीला पोचल्यावर म्हणाल्या, बाबांचं दर्शन तुम्ही घ्या, मी गाडीतूनच हात जोडते.

मधल्या दोन सीट सुट्या असल्या की मधून वाट असते. पोरं तिथून निघतात, कोणाला उठावं लागत नाही. गाडी कोणतीही घ्या, पण सहा सीटर घ्या. तुम्ही भाऊ धरून सहाच आहात की.

---

झिंगाबाईकर (२४ सप्टेंबर, २:१०)

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा अजून मूळचाच आहे. मी म्हणत होतो मधली सीट अखंड असली की ती पाय लांब करून बसेल. पण तेव्हा पोरं बाहेर कशी येणार? उद्या तिलाच घेऊन जातो दोन्हीकडे.

---

परतीचा_पुणेकर (२४ सप्टेंबर, ६:४५)

नागपूरकरांनी तीस लाख खर्च करून पुण्याला यायचं आणि इथं पार्किंग शोधत फिरायचं, याचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

असो. समृद्धीबद्दल लिहितो, कारण महिन्यातून एकदा माझं होतं. २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर उघडले आणि या ५ जूनला पार आमण्यापर्यंत ७०१ पूर्ण झाले. आपल्याला पुण्याला छत्रपती संभाजीनगरला खाली उतरायचं असतं. हा रस्ता सरळ आणि काँक्रीटचा. त्यावर दोन गोष्टी माणसाला मारतात, झोप आणि टायर.

टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवीन गाडी घेतानाही पाहा, स्टेपनीचाही पाहा. हवा सकाळी, गाडी गार असताना, कंपनीनं दाराच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच. दुपारी ती वाढलेली दिसते म्हणून काढू नका, गरम टायरमध्ये वाढणारच. हवा कमी असलेला टायर जास्त तापतो, हे लोकांना उलटं वाटतं.

गाडीचं म्हणाल तर १२० ही तिथली मर्यादा, आणि त्या वेगाला उंच गाडीला आडवा वारा लागतो. शिवमडक्याहून निघून वर्धा पार केलं की कळतं. सफारी बुडानं बसून राहते, स्कॉर्पिओला हात थोडा जागा ठेवावा लागतो. आधीच्या स्कॉर्पिओपेक्षा एन पुष्कळच शहाणी आहे, तरीही. शिवाय कुठलीही नवीन गाडी ८० च्या वर टुण-टुण करते आणि १२० च्या वर अखंड वाजते. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर "काहीतरी बिघडलं" म्हणून वाशिमपर्यंत ऐकावं लागेल.

---

तर्रीपोहे (२४ सप्टेंबर, ७:०१)

पुणेकर न भांडता एवढं लांब लिहून राहिला, तब्येत बरी हाय न?

---

काटोलचा_बागायतदार (२४ सप्टेंबर, रात्री ९:२०)

झिंगाबाईकर भाऊ, तुमची बाग आमच्याच इकडची दिसते. पांदणीचं मी सांगतो, बाकीचं या लोकाईले विचारा.

लोकं म्हणतेत चिखल हाय तं फोर बाय फोर घ्या. मुरमाड जमिनीत बरोबर हाय. पण आपली माती काळी. उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा, अन् पाऊस आला का लोणी. शोरूमवरून जे टायर येते ते डांबरी रस्त्याचे. त्यायच्या खाचा दोन मिनटात मातीनं भरते, मंग टायर गुळगुळीत. गुळगुळीत टायर दोन चाकांवर फिरले का चारीवर, गाडी तिथंच. माह्या मावसभावानं फोर बाय फोर घेतली, नाव नाही सांगत, श्रावणात पांदणीत बसली. काहाडली कोणं? ट्रॅक्टरनं. त्या ट्रॅक्टरवाल्याले आम्ही अजून चहा पाजतो.

मी का म्हणतो, फोर बाय फोरले जे वरचे पैसे लागते, त्यात पांदण करून घ्या. चारशे मीटरच हाय. वरची माती काहाडा, खाली मोठा गोटा, वरतं मुरूम, मधातून उंच, दोन्ही आंगाले नाली. नाली नाही काहाडली तं सगळं फुकट, पाणी मुरमातच बसते. शेजारचे चार जण धरा, वाट त्यायचीबी हाय, वर्गणी काहाडा. मातोश्री पाणंद योजनेतून होते काय तेबी ग्रामपंचायतीत विचारा. पण आंबिया बहार तोंडावर हाय, कागदाच्या भरवशावर राहू नका.

---

डिझेलदादा (२४ सप्टेंबर, ९:४१)

शंभर टक्के बरोबर. काळ्या मातीत गाडी नाही, टायर चालतो.

---

झिंगाबाईकर (२५ सप्टेंबर, रात्री ११:०५)

आज अर्धी सुटी टाकली. आई, बायको आणि शाळेतून उचललेली दोन्ही पोरं. सविस्तर लिहितो, कारण जे ठरवून गेलो होतो त्याच्या उलटंच झालं.

आधी स्कॉर्पिओ-एन. मला धास्ती होती की आईला चढताच येणार नाही. पण तिनं फूटबोर्डवर उजवा पाय ठेवला, वरचं हँडल धरलं आणि "हं" करून चढली. आत बसल्यावर काच खाली करून चौकातली सिग्नलची रांग पाहिली आणि म्हणाली, "इथून तं सगळं गाव दिसते." मुलानं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मीही मनात बुकिंगचा चेक लिहून टाकला.

चक्कर झाली. गाडी मस्त. ब्रेकरवरून जाताना खाली काही आहे असं वाटतच नाही, आणि पाय दाबला की अंगात येते. परत आलो. दार उघडलं. आई जागेवरच.

चढणं नव्हे, उतरणं अवघड आहे, हे तेव्हा कळलं. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तिला शिकवलंय की जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. दुखरा पाय खाली जातो तेव्हा सगळं वजन दुसरा गुडघा वाकवून सांभाळावं लागतं, आणि तिचा दुसरा गुडघा म्हणजे तो मूळचा. तिनं पायानं फूटबोर्ड चाचपडला, दिसेना. साडी एका हातात, हँडल दुसऱ्या. शेवटी ती पाठमोरी वळली आणि माळ्यावरून शिडी उतरतात तशी उतरली. शोरूमचा पोरगा बिचारा चहा प्यायचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन धावत आला. आई हसली. पण त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग सफारी, सहा सीटर. तिनं आधी बूड टेकवलं आणि मग दोन्ही पाय आत घेतले, खुर्चीवर बसल्यासारखं. उतरताना आर्मरेस्टला रेटा देऊन उभी राहिली. कोणी हात द्यायला पुढं होईपर्यंत ती बाहेर. पोरं मधल्या वाटेनं मागे-पुढे नुसती माकडासारखी. रामदासपेठच्या ताईंना दंडवत. मागच्या रांगेला एसीचे स्वतंत्र झरोके आहेत, स्कॉर्पिओ-एनला तिथं नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात पोरांना मागे बसवायचं म्हणजे ही चैन नव्हे. (वरचं ते लांबलचक काचेचं छप्पर मात्र मे महिन्यात कोण उघडणार, मला सांगा. बायकोला तेच जास्त आवडलंय.)

आणखी एक. दोन्हींत तिसरी रांग उभी असली की सामानाला जागा नावापुरतीच. सहा माणसं आणि संत्र्याची कॅरेट एकाच दिवशी जाणार नाहीत. हे मान्य करूनच पुढे जावं लागेल.

घरी येताना आईला विचारलं, मत कोणाला? ती म्हणाली, "बसाले ते चांगली, उतराले हे. अन् माणूस गाडीत बसून राहाले थोडी जाते, कुठं तरी उतराचंच असते."

मुलानं बाजू बदलली. मी अजून तळ्यात-मळ्यात आहे.

---

जुनी_सफारी_९८ (२५ सप्टेंबर, ११:३०)

आईंपुढे मी माझं मत मागे घेतो.

---

परतीचा_पुणेकर (२६ सप्टेंबर, सकाळी ८:१५)

सुरक्षेचंही कोणी लिहिलं नाही. ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी आपटून बघतात ती चाचणी) दोघींना मोठ्यांसाठी पाच तारे आहेत. मुलांसाठी सफारीला पाच, स्कॉर्पिओ-एनला तीन. शिवाय भारत एनकॅपच्या पहिल्या निकालात, डिसेंबर २०२३ मध्ये, सफारी होती आणि तिथंही दोन्हीकडे पाच.

---

डिझेलदादा (२६ सप्टेंबर, ८:५०)

आकडे बरोबर, पण मुलांचे तारे कशाचे ते समजून घ्या. त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवतात. यांची मुलं नऊ आणि चौदा. त्यांच्यासाठी खरा तारा म्हणजे मागच्या रांगेत पट्टा लावला की नाही. आपल्याकडे मागे बसलेला पोरगा पट्टा लावतो का, सांगा बरं? तिथं तर पट्ट्यावर चिप्सचं पाकीट ठेवलेलं असतं.

---

रामदासपेठची_सून (२६ सप्टेंबर, ९:०५)

चिप्सचं नाही, शेवचिवड्याचं. बाकी तंतोतंत.

---

सदरचा_सीए (२६ सप्टेंबर, दुपारी १२:२०)

एक छोटी सूचना. बागेचा किंवा धंद्याचा खर्च दाखवायला गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा मोह होतो. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला खासगी नावावर १५ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २०. आधी दोन्ही गणितं मांडा, मग सही करा. आणि विमा शोरूमचाच घ्यायला हवा असं कुठं लिहिलेलं नाही, बाहेरचे दोन कोटेशन खिशात ठेवून जा.

---

झिंगाबाईकर (२८ सप्टेंबर, रात्री ९:५०)

बुक केली. सफारी, सहा सीटर, डिझेल ऑटोमॅटिक, माझ्याच नावावर. काळी तयार उभी होती, दसऱ्याला मिळाली असती. पण नागपुरात काळी गाडी म्हणजे चाकं लावलेला तवा. पांढरी सांगितली, ती धनत्रयोदशीच्या आसपास. दसऱ्याला जुन्या हॅचबॅकलाच झेंडूचा हार घालू, अकरा वर्षं तिनं कधी वाटेत सोडलं नाही.

खरं सांगायचं तर स्कॉर्पिओच्या त्या सीटवरून दिसणारा रस्ता अजून डोळ्यांपुढून जात नाही. एकटा असतो तर तीच घेतली असती. तर्रीपोहे भाऊ, माफ करा.

बागायतदार साहेब, पांदणीचं मनावर घेतलंय. शेजारचे तिघे तयार आहेत, चौथा म्हणतो "पाहू". उद्यापासून जेसीबी लागतोय.

---

तर्रीपोहे (२८ सप्टेंबर, १०:०२)

माफ नाही करत. पेढे पाहिजे.

---

काटोलचा_बागायतदार (२८ सप्टेंबर, १०:३०)

चौथ्याले सोडा, मुरूम पडला का तोच पयले गाडी घेऊन येईन. नाली विसरू नका.

---

झिंगाबाईकर (५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०)

अपडेट. नाली काढली. खाली गोटा, वर मुरूम, काल रोलर फिरवला. रात्री काटोलकडे चांगलाच पाऊस झाला, म्हणून आज मुद्दाम पाहायला गेलो. आई पण सोबत. दोन्ही नाल्या वाहत होत्या, मधला पट्टा कोरडा. जुनी हॅचबॅक दुसऱ्या गिअरमध्ये विहिरीपर्यंत गेली, कुठं चाकही फिरलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पावसाळ्यात गाडी बागेच्या आत उभी होती. चौथे शेजारी त्यांची मोपेड घेऊन आमच्या आधीच पोचले होते.

---

तर्रीपोहे (५ ऑक्टोबर, ६:४४)

मंग आता सफारी कायले घेतली बे?